बाप पीआय, पोर फरार: पेडण्यात घडणाऱ्या हिंदी अ‍ॅक्शनपटाची कथा तपासून द्या

शापोराकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. हिंदी अ‍ॅक्शनपटाची एक कथा बांधून झाली आहे. साचा जुनाच: बाप पोलीस, मुलगा गुन्हेगार, मध्ये आई. फक्त मुंबईऐवजी गोव्यातला पेडणे तालुका.

सांगाडा असा. बाप पेडणे ठाण्याचा निरीक्षक (पीआय), निवृत्तीला आठ महिने उरलेले. थोरला मुलगा किनारपट्टीवर एमडीएमए हा अमली पदार्थ पुरवणाऱ्या टोळीत. घरात आई, मुलाची बायको आणि आजी. एका रात्री जेवताना मुलगा बापापुढे सगळे ओकतो. बाप रात्रभर जागतो आणि पहाटे मुलाला पळून जायला २४ तास देतो. मध्यंतर. उत्तरार्धात कमिशनरसाहेबांचा दबाव, 'आजपासून तू माझा मुलगा नाहीस, या घरातली एक वीटही तुला मिळणार नाही' हा संवाद, केरीच्या फेरीबोटीवर पाठलाग, आणि शेवटी बाप पाठमोऱ्या मुलावर गोळी झाडतो. शेवटच्या चौकटीत बापाच्या छातीवर पदक.

काळ आजचा. कुठे कुठे पाणी शिरते ते सांगा. 'सिनेमात सगळे खपते' हे उत्तर नको.

खाजे

पहिले पाणी कमिशनरपासूनच. गोव्यात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे कमिशनर नाही, डीसीपी नाही, एसीपी नाही. पीएसआय, पीआय, डीवायएसपी, एसपी आणि वर डीआयजी, आयजी, डीजीपी. पेडण्याच्या पीआयवर दबाव आणायचा तर तो उपअधीक्षक आणेल किंवा उत्तर गोव्याचा अधीक्षक.

जुनी रीळ

साचा जुना म्हणालात म्हणून आधी त्या साच्याची घडण नीट पाहा. 'दीवार' (१९७५) आणि 'शक्ती' (१९८२), दोन्ही सलीम-जावेद यांच्या पटकथा. पहिल्यात भाऊ भावावर गोळी झाडतो, दुसऱ्यात बाप मुलावर. दोन्हीकडे लोकांना आठवते ती गोळी. पण गोळीच्या आधीचे पान उलटून बघा. 'दीवार'मधला विजय आधी सामंतला मारतो. 'शक्ती'मधला विजय आधी आईच्या खुन्याला, जेकेला, मारतो. म्हणजे गोळी सुटते तेव्हा समोर पळणारा माणूस नुसता स्मगलर राहिलेला नसतो, तो खुनाचा आरोपी असतो.

मी हे पटकथेच्या अंगाने सांगतोय: प्रेक्षकाला ती गोळी सोसवावी म्हणून ही तजवीज. कायद्याच्या अंगाने आपले कलमबहाद्दर बोलतील.

कलमबहाद्दर

बोलतोच. जुनी रीळ यांनी नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६. अटकेला विरोध झाला किंवा आरोपी पळू लागला तर पोलीस आवश्यक ते सर्व उपाय वापरू शकतात. पण पोटकलम ३ म्हणते की ज्या गुन्ह्याला मृत्युदंड किंवा जन्मठेप नाही, अशा गुन्ह्याच्या आरोपीचा अटक करताना जीव घेण्याचा अधिकार या कलमाने मिळत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम ४३(४) आहे.

आता तुमचा मुलगा. एमडीएमएची व्यावसायिक मात्रा १० ग्रॅमच्या वर. शिक्षा १० ते २० वर्षे सक्तमजुरी आणि १ ते २ लाख दंड. जन्मठेप नाही, फाशी नाही. (एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात ३१-अ खाली फाशीची शक्यता आहे, पण ती आधी शिक्षा झालेल्याला आणि यादीतल्या ठरावीक पदार्थांच्या प्रचंड मालासाठी. तुमच्या मुलाची ही पहिलीच वेळ आहे.) म्हणजे तो पाठमोरा पळत असताना बापाने छातीच्या उंचीवर गोळी घातली तर तो खून ठरू शकतो. कर्तव्य विरुद्ध माया हा झगडाच संपला, कारण कर्तव्याने ती गोळी मागितलीच नव्हती.

सलीम-जावेद यांनी ४६(३) उघडून पटकथा लिहिली असेल असे मी म्हणत नाही. पण त्यांची दोन्ही उत्तरे त्या कलमात बरोबर बसतात आणि पुढच्या नकलांची बसत नाहीत. नकलाकारांनी गोळी उचलली, त्याआधीचा खून सोडून दिला.

शापोराकाठ

मग मुलाकडून शेवटाआधी एक खून करवून घेतो. सुटलो की.

जुनी रीळ

सुटलात, पण 'शक्ती'ची झेरॉक्स काढून. शिवाय पेच वेगळाच होतो. मुलगा खुनी झाला की निम्म्या प्रेक्षकांच्या मनात निकाल लागलेला असतो. 'शक्ती'त तो लागत नाही, कारण मुळाशी लहानपणचा तो टेलिफोन आहे: मुलगा पळवलेला, पलीकडून सौदा, आणि बाप ठाम नाही म्हणतो ते मुलगा ऐकतो. पुढचे सगळे त्या फोनची वसुली आहे. तुमच्याकडे फोनच्या जागी काय आहे? जेवणाचे ताट. ते मला आवडले. ते वापरा.

कलमबहाद्दर

ताटावरून: कायद्याच्या दृष्टीने तुमच्या कथेतला सर्वांत श्रीमंत प्रसंग तोच आहे आणि तुम्ही तो एका वाक्यात उरकलात. टेबलाभोवती कोण बसले आहे त्यावर मुलाच्या त्याच शब्दांची किंमत बदलते.

बापापुढे दिलेली कबुली: साक्ष्य अधिनियमाचे जुने कलम २५, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे २३. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. कलमात 'तपास अधिकारी' असा शब्द नाही, 'पोलीस अधिकारी' आहे. बाप लुंगीवर बसला होता म्हणून तो पोलीस अधिकारी नव्हता असे होत नाही. आरोपी कोठडीत असताना त्याच्या सांगण्यावरून माल सापडला तर तेवढा भाग चालतो (जुने २७). पण इथे मुलगा कोठडीत नाही, जेवतोय.

बायकोपुढे बोललेले: जुने १२२, नवे १२८. लग्नाच्या काळात नवरा-बायकोत झालेले बोलणे. तिला ते सांगायला भाग पाडता येत नाही. इतकेच नाही, नवऱ्याची संमती नसेल तर तिला ते सांगूही देत नाहीत.

आईपुढे बोललेले: काहीही संरक्षण नाही. आपल्याकडे आई-मुलाच्या बोलण्याला असा विशेषाधिकारच नाही. न्यायालयाबाहेरची कबुली म्हणून ती पुराव्यात येते. न्यायालये तिच्याकडे सावधपणे पाहतात, आधार शोधतात, पण येते. आजीचेही तेच.

म्हणजे त्या टेबलावर सरकारपक्षाला सर्वांत उपयोगी साक्षीदार कोण, तर आई. पोलीस बाप नव्हे.

खाजे

बाप रे. म्हणजे आई!

तिसरी घंटा

हा प्रसंग मग असा रचा. मुलगा बोलायला तोंड उघडतो आणि बाप बायकोला म्हणतो, 'तू आत जा.' प्रेक्षकाला वाटते, जुन्या वळणाचा नवरा, बाईमाणसाला बाहेर काढतोय. ती जात नाही. 'मी ऐकणार.' पाऊण तासाने, साक्षीसाठी न्यायालयाचे समन्स तिच्या नावाने आल्यावर, प्रेक्षकाला कळते की बाप तिला वाचवत होता. स्पष्टीकरणाचा एकही संवाद लागणार नाही. मात्र 'तू आत जा' हे मोठ्याने नको, पाण्याचा तांब्या पुढे सरकवता सरकवता.

मिरामार सायंकाळ

इतकी कलमे पडद्यावर आणली तर प्रेक्षक पॉपकॉर्न आणायला उठेल. अ‍ॅक्शनपट आहे हा, विधी महाविद्यालयाचा तास नाही.

तिसरी घंटा

कलम पडद्यावर आणायचे नसतेच. त्याने पात्राच्या वाटा बंद करायच्या. वाटा बंद झाल्या की अ‍ॅक्शन आपोआप येते.

कलमबहाद्दर

आता '२४ तास देतो' याकडे. हा बापाचा मोठेपणा वाटतो, पण तो स्वतंत्र गुन्हा आहे आणि हलका नाही. ज्याला अटक करणे आपले कर्तव्य आहे त्याला जाणूनबुजून सोडणाऱ्या लोकसेवकासाठी जुन्या दंड संहितेचे २२१, आता भारतीय न्याय संहितेचे २५९. त्याहून जड आहे एनडीपीएसचे कलम ५९. कर्तव्य टाळले तर एक वर्षापर्यंत कैद. पण या कायद्याच्या उल्लंघनाला जाणूनबुजून मदत केली किंवा संगनमत केले तर १० ते २० वर्षे. म्हणजे मुलाला जेवढी तेवढीच बापाला. तुमच्या बापाला हे पाठ असणार. पहाटेचा प्रसंग त्या जाणिवेने लिहिला पाहिजे.

आणि २४ नको, ७२ करा. एनडीपीएसच्या कलम ४२ प्रमाणे अधिकाऱ्याला मिळालेली माहिती त्याने लिहून काढायची आणि तिची प्रत ७२ तासांत आपल्या लगतच्या वरिष्ठाकडे पाठवायची. बापाला माहिती मिळाली शुक्रवारी रात्री साडेनऊला, ताटावर. सोमवारी रात्री साडेनऊला घड्याळ संपले. तुम्हाला हवे असलेले टिकटिकणारे घड्याळ कायद्यानेच दिले आहे, बॉम्ब लावायची गरज नाही.

शापोराकाठ

हे भारी आहे. म्हणजे कोरा कागद टेबलावर आणि तीन दिवस. पण मग त्याने कागद लिहिला तर तपास तोच करणार ना? आणि पुढे वकील म्हणेल, बापानेच केलेला तपास, रद्द करा.

कलमबहाद्दर

दोन वेगळे मुद्दे.

तक्रार देणारा आणि तपास करणारा अधिकारी एकच असला एवढ्यावरून खटला कोसळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये मुकेश सिंग प्रकरणात तसे सांगितले. २०१८ च्या मोहनलाल निकालाने उलट म्हटले होते, ते बाजूला पडले. आता पक्षपात झाला का हे त्या त्या प्रकरणाच्या तथ्यांवर ठरते.

पण बापाने तपास करूच नये यासाठी सेवानियम पुरतात. गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांना लागू असलेले केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४, नियम ४: ज्या बाबीत स्वतःचे किंवा कुटुंबीयांचे हितसंबंध आहेत ती स्वतः हाताळायची नाही, वरिष्ठाकडे पाठवायची आणि तो सांगेल तसे पुढे. त्यामुळे कर्तव्यनिष्ठ बाप मुलाच्या मागे धावतच नाही. तो कागद लिहितो, उपअधीक्षकाच्या हातात देतो आणि बाजूला होतो. प्रकरण अमली पदार्थ विरोधी कक्षाकडे किंवा रायबंदरच्या गुन्हे शाखेकडे जाते.

मिरामार सायंकाळ

झाले! नायकच बाजूला. उत्तरार्धात काय दाखवायचे, बाप अंगणात तुळशीला पाणी घालताना?

जुनी रीळ

तेच दाखवायचे. बाजूला केलेला पोलीस घरी बसलाय आणि ज्यांना त्याने कामाला लावले, शिकवले, ते त्याच्या घराची झडती घ्यायला दारात उभे आहेत. हिंदी पडद्यावर हा प्रसंग नीट झालेला नाही.

कलमबहाद्दर

झडतीचे तपशील मग बरोबर ठेवा, इथे नेहमी घोळ होतो.

सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात वॉरंटाशिवाय घरात शिरायचे तर 'वॉरंट आणेपर्यंत माल किंवा माणूस हातचा जाईल' असे वाटण्याची कारणे आधी लिहून ठेवावी लागतात. त्यामुळे पहाटे तीनला दार धडधडा वाजवायचे असेल तर त्याआधी जीपमध्ये बसून लिहिणारा अधिकारी दाखवा. दोन सेकंद पुरे.

अंगझडतीच्या आधी एनडीपीएसच्या कलम ५० ची विचारणा: राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर झडती घेऊन हवी आहे का? हे फक्त अंगाच्या झडतीला लागू, पिशवीला नाही. ही विचारणा राहिली तर अंगावर सापडलेल्या मालाचा पुरावा निकामी होतो. प्रत्यक्षात खटले इथेच निसटतात.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ मुळे झडती-जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण सक्तीचे. एक शिपाई मोबाइल धरून उभा हवाच. 'बाप पुडी खिशात सरकवतो आणि कोणाला कळत नाही' हा जुना ठोकताळा आता चालत नाही.

वजन: पावडरीत भेसळ असली तरी भेसळीसकट एकूण वजन धरतात (सर्वोच्च न्यायालय, हीरा सिंग, २०२०). साडेतीन ग्रॅम शुद्ध आणि बाकी भुकटी मिळून ११ ग्रॅम असेल, तर ती व्यावसायिक मात्राच. मुलगा 'तिसरा हिस्साच खरा माल होता' म्हणून सुटत नाही. व्यावसायिक मात्रा म्हटली की एनडीपीएसच्या कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ बंद आणि आरोपपत्राला ६० किंवा ९० ऐवजी १८० दिवस.

खाजे

संवाद लिहिताना एक सांभाळा. मुंबईचा लेखक 'दो पंच बुलाओ' लिहून मोकळा होईल. आपल्याकडे 'पंच' म्हटले की लोकांना पंचायतीचा मेंबर आठवतो. शिपाई खरोखरच दोन पंचायत सदस्य घेऊन आला तर विनोदाला विनोद आणि तालुक्याचे राजकारण फुकट.

तिसरी घंटा

घ्याच हे. तणावाच्या प्रसंगात असा एक हशा लागतो.

शापोराकाठ

घेतले. आता 'एक वीटही मिळणार नाही' हा संवाद. त्यात काय चुकले? संताप आहे बापाचा.

लोटांगण

संताप ठीक, पण गोव्यातला बाप हे बोलला की गोव्यातला प्रेक्षक हसेल. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली आणि आता गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही कायद्यात (२०१२ चा, डिसेंबर २०१६ पासून लागू) असलेली तरतूद अशी की मुले सक्तीचे वारस. मालमत्तेचा अर्धा हिस्सा त्यांच्यासाठी राखीव. बाप मृत्युपत्राने फार तर उरलेल्या अर्ध्याची वाट लावू शकतो. मुलाला पूर्ण बेदखल करायला कायद्यात मोजून दिलेली कारणे लागतात, नुसता राग पुरत नाही.

त्यात भर म्हणजे लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. अर्धे घर आईचे. आईने 'माझ्या अर्ध्यातून त्याला कोण काढतो ते बघते' एवढेच म्हटले तरी बापाचा संवाद जमीनदोस्त. तुमच्या संवादापेक्षा हे उत्तर जबरदस्त आहे, फुकट देतो.

कलमबहाद्दर

त्याच आईवर अजून एक ओझे. फरार आरोपीला आश्रय देणे: जुने २१२, नवे २४९. खुनाचा आरोपी असेल तर पाच वर्षांपर्यंत. यात अपवाद फक्त नवरा किंवा बायको. आई अपवादात नाही. आणि 'आश्रय' म्हणजे माडीवर लपवणे एवढेच नाही. जुन्या दंड संहितेच्या ५२-अ मध्ये निवारा, अन्न, पेय, पैसे, कपडे, शस्त्रे, वाहतुकीचे साधन असे सगळे मोजले होते. शिक्षेतून वाचवण्याच्या हेतूने वाढलेले ताटही त्यात येते.

म्हणून मध्यरात्री मुलगा मागच्या दाराने आला आणि आईने शीत-हुमण (भात आणि माशाची आमटी) वाढले, तर ती गुन्ह्यात. तेच ताट सुनेने वाढले तर या कलमाखाली नाही. सासू-सून दोघी स्वयंपाकघरात. हे दोघींना ठाऊक असेल तर?

तिसरी घंटा

सून सासूच्या हातातून पळी काढून घेते. कट.

जुनी रीळ

इथे मी टोपी काढली.

फेरीबोट

भूगोलाकडे येतो, कारण त्या पाठलागात तुम्ही सीमेचा घोटाळा केला आहे. केरीहून फेरीबोटीने पलीकडे गेला की मुलगा महाराष्ट्रात पोचला असे तुम्ही धरलेले दिसते. तेरेखोल नदीच्या उत्तरेला असूनही किल्ला आणि तेरेखोल गाव गोव्यातच, पेडणे तालुक्यात. १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी किल्ला सावंतवाडीकरांकडून घेतला तेव्हापासूनची ही गंमत. महाराष्ट्र लागतो पुढे रेडीच्या बाजूला.

उलट हे कथेला फायद्याचे. बाहेरगावचा साथीदार सुटल्यासारखा हात वर करतो आणि स्थानिक मुलगा म्हणतो, 'अजून गोंयच.'

आणि सीमा ओलांडली तरी काय? पाठलाग करत भारतात कुठेही अटक करता येते. वॉरंट घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात पकडले तर तिथल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे किंवा पोलीस अधीक्षकापुढे न्यावे लागते, पण वॉरंट काढणारे न्यायालय ३० किलोमीटरच्या आत असेल तर सरळ तिकडेच. बांदा किंवा रेडीतून पेडणे या हिशेबात बसते. सीमेच्या पाटीपाशी जीप करकचून थांबवणारे पोलीस हा फक्त सिनेमाचा शोध.

दुसरे: गाडी असलेला माणूस फेरीबोट धरेलच कशाला? पत्रादेवीचा नाका आहे, किरणपाणीहून आरोंद्याला पूल आहे. तिथे नाकाबंदी लागली असे आधी दाखवा, मगच तो केरीच्या धक्क्यावर पायी येईल.

तिसरे: फेरीबोटीवर पाठलाग होत नाही. सपाट बोट, संथ चाल, पुढची फळी वर उचललेली, पळायला बसभर जागा. वेग दाखवायला गेलात तर खोटे दिसेल. पलीकडच्या धक्क्यावर माणूस उभा आहे आणि बोट त्याच्याकडेच सरकते आहे, ती थांबवता येत नाही. एवढेच ठेवा. फळी सिमेंटवर घासते तो आवाज बंदुकीपेक्षा वाईट.

तिसरी घंटा

चित्रीकरणाची बाजू जोडतो. आपल्याकडे दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि वेळा रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकतात. धक्क्यावरचा प्रसंग तीन दिवस चालला तर पहिल्या दिवशी बुडालेली पायरी तिसऱ्या दिवशी त्याच वेळी कोरडी असेल. वेळापत्रक घड्याळावर नको, भरतीच्या तक्त्यावर लावा. नाहीतर फळीचा कोन प्रत्येक शॉटमध्ये वेगळा आणि संकलक तुमच्या नावाने बोटे मोडणार.

परवानग्या एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाच्या एक खिडकीतून. फेरीबोट नदी परिवहन खात्याची, तिचा अर्ज आधीच टाका. लोकांची रोजची वाट आहे ती, दिवसभर अडवून ठेवता येणार नाही.

गोळ्या मोजा. सर्व्हिस रिव्हॉल्व्हर सहाचे. पटकथेत प्रत्येक गोळीला क्रमांक द्या, कारण नंतर शस्त्रागारात वापरलेल्या पुंगळ्यांसकट हिशेब द्यावा लागतो, आणि सातवी गोळी मोजणारा प्रेक्षक नेहमी पहिल्या रांगेत असतो. ब्लँक काडतुसात शिसे नसते, पण नळीतून तापलेला वायू आणि कण उडतात. वीस फुटांच्या आत नळीसमोर कोणी नको. कॅमेरा कडेला ठेवून नेम चुकता धरायचा, लेन्समुळे तो सरळच दिसतो.

मिरामार सायंकाळ

पण गोळी झाडणार कोण आणि कोणावर? मुलावर झाडता येत नाही असे वर ठरले. अ‍ॅक्शनपटात एकही कायदेशीर गोळी नाही?

कलमबहाद्दर

आहे की. खासगी बचावाचा हक्क. स्वतःच्याच नव्हे, दुसऱ्याच्याही शरीराच्या बचावासाठी. जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती असेल तर समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत तो जातो (जुने १००, नवे ३८). मुलगा शरण यायला निघाला आहे, बोलणार आहे, म्हणून टोळीचा माणूस त्याच्यावर नेम धरतो. बाप त्या माणसावर गोळी झाडतो. तपासातून बाजूला केलेला असला तरी हा हक्क कोणाही नागरिकाचा आहे.

सरकारी हत्यार मात्र त्याच्याकडे का होते हे दाखवायला विसरू नका. रजेवर पाठवले तर आधी जमा करवून घेतील.

जुनी रीळ

आणि पदक कापा.

कलमबहाद्दर

हो, पदक कापाच. पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र, २०१४, सर्वोच्च न्यायालयाच्या १६ सूचना. पोलिसांच्या गोळीने माणूस मेला की एफआयआर, सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडून तपास, दंडाधिकारी चौकशी, हत्यार तपासणीसाठी जमा. घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक देऊ नये असे त्यात स्पष्ट आहे. गोळी झाडल्यानंतरचा बाप खुर्चीवर बसलेला असेल, समोर दुसऱ्या ठाण्याचा धाकटा निरीक्षक जबाब लिहून घेत असेल, आणि मृतदेह बांबोळीला शवविच्छेदनासाठी निघालेला असेल.

मुलगा माफीचा साक्षीदार झाला म्हणून त्याच संध्याकाळी घरी येत नाही, हेही ध्यानात असू द्या. आधीच जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत त्याला कोठडीतच ठेवायचे, असे कलम आहे. कोलवाळच्या तुरुंगात आईची भेट, हा प्रसंग त्यामुळे टाळता येत नाही.

शापोराकाठ

देव बरें करूं मंडळी. नवा शेवट असा बसवला आहे, फोडा.

सोमवारी रात्री नऊ वाजता बाप कागद लिहून उपअधीक्षकाला देतो. मंगळवारी घराची झडती. फरार मुलगा दोन दिवसांनी मागच्या दाराशी, सून पळी काढून घेते. नाकाबंदी, केरीचा धक्का. बाप पलीकडे तेरेखोलला उभा. बोटीवर टोळीचा माणूस मुलावर नेम धरतो, बापाची एकच गोळी. फळी घासते. अमली पदार्थ कक्षाचा तरुण पीएसआय मुलाला ताब्यात घेतो. बेडी घालायची की नाही?

कलमबहाद्दर

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४३(३) मध्ये अमली पदार्थांचे गुन्हे बेडीच्या यादीत आहेत, त्यामुळे घालता येते. सक्ती नाही. गुन्ह्याचे स्वरूप आणि गांभीर्य पाहून पीएसआयनेच ठरवायचे. म्हणजे त्याने बापाकडे एकदा बघणे कायदेशीर आहे.

पुढे अटक मेमो. नवे कलम ३६, मागे डी. के. बसू निकाल. मेमोवर एका साक्षीदाराची सही लागते: आरोपीच्या कुटुंबातला कोणी, नाहीतर त्या भागातला प्रतिष्ठित माणूस. खाली आरोपीची सही. कुटुंबीयाची सही नसेल तर 'अटकेची खबर कोणाला द्यायची' हे आरोपीला विचारावे लागते. म्हणजे तुमचा पीएसआय मुलाला विचारणार, कोणाला कळवू? आणि मुलगा दहा फुटांवर उभ्या असलेल्या बापाचे नाव सांगणार. मग पीएसआयने आपल्याच साहेबांपुढे जाऊन रीतसर म्हणायचे: 'आपल्या मुलाला अटक केली आहे.'

तिसरी घंटा

साहेब म्हणून सॅल्यूट करून, की बाप म्हणून बसायला सांगून?

शापोराकाठ

आई धक्क्यावर असेल तर? मेमोवर तिची सही घेता येईल?

कलमबहाद्दर

येईल. ती नाही म्हणाली तरी मेमो अडत नाही, गावातल्या कोणाची तरी घेतील. सही करायची सक्ती तिच्यावर कोणी करू शकत नाही.

शापोराकाठ

मग तीच. कागद वाचते, पेन मागते.

कलमबहाद्दर

मेमोवर अटकेची तारीख आणि वेळ असते. ती स्टेशन डायरीतल्या नोंदीशी जुळली पाहिजे, कारण न्यायदंडाधिकाऱ्यापुढे न्यायचे २४ तास तिथूनच सुरू. कला दिग्दर्शकाला सांगून ठेवा, क्लोजअपमध्ये ती वेळ वाचता येणार आहे.

फेरीबोट

आणि त्या वेळेला फेरीबोट चालू असते ना, तेही बघा.